एक्केचाळीस नंबरची नोंद

२०२३च्या मार्चमध्ये माझा लॅपटॉप पहिल्यांदा बंद पडला तेव्हा मी मीटिंगमध्ये बोलत होतो. वाक्य अर्धं झालं होतं. स्क्रीन काळी झाली, आतल्या पंख्याची घरघर थांबली आणि बदनापूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी काळ्या काचेत स्वतःचंच तोंड बघत बसलो. डोक्यावरचा पंखा फिरत होता. चार्जरचा दिवा चालू होता. तरी दहा मिनिटांनी मी पुण्याच्या मॅनेजरला फोनवर सांगितलं, "सॉरी, लाइट गेली होती."

गावाकडून काम करणाऱ्या माणसाचं हे कारण कुणीही लगेच मान्य करतं. त्याला मोठा इतिहास आहे. माझं शिक्षण सुरू होतं त्या काळात, म्हणजे २००५ ते २०१२ या वर्षांत, मराठवाड्यातल्या खेड्यांनी दिवसाचे बारा-बारा तास भारनियमन सोसलेलं आहे. तेव्हा "लाइट आली का?" हा प्रश्न "जेवलात का?" इतकाच सहज विचारला जायचा. त्या काळाच्या पुण्याईवर माझी थाप दोन आठवडे चालली. तिसऱ्या आठवड्यात मॅनेजर म्हणाला, "इन्व्हर्टर घे, नाहीतर पुढच्या महिन्यापासून ऑफिसला ये." त्या वर्षी आमच्या क्षेत्रात नोकरकपात जोरात होती आणि घरी पप्पांच्या मांडीचं हाड मोडलेलं होतं. मला दोन्ही सोडता येणार नव्हतं. मग मी खरं कारण शोधायला बसलो.

शोध सुरू होतो तो यंत्राच्या दप्तरातून. विंडोज प्रत्येक घटनेची नोंद ठेवतं. माझ्या लॅपटॉपमध्ये त्या महिन्यात अकरा वेळा एकच लाल खूण होती: कर्नेल-पॉवर, घटना क्रमांक ४१. तिचा मजकूर एवढाच, की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं आहे. खाली एरर कोडच्या जागी शून्य.

ही नोंद कधी लिहिली जाते, ते कळल्यावर मी थबकलो. ती बंद पडताना लिहिली जात नाही. वीज तुटली की लिहायला वेळच उरत नाही. यंत्र पुन्हा चालू होतं, आधीच्या खेपेला सगळं आवरून झोपल्याची खूण सापडते का ते बघतं, आणि खूण नसेल तर लिहितं, की मी अचानक गेलो होतो. सोबत ६००८ क्रमांकाची आणखी एक नोंद असते, तिच्यात गेल्याची वेळ असते. ती वेळही अंदाजाचीच. यंत्र जिवंत असताना अधूनमधून 'मी अजून आहे' असं घड्याळ टिपून ठेवतं, त्यातलं शेवटचं टिपण म्हणजे ती वेळ. थोडक्यात, सगळा पुरावा मागाहून लिहिलेला आणि लिहिणाऱ्याला कारण माहीत नाही. इतिहासाच्या अभ्यासकांना अशा कागदांची सवय असते. मला नव्हती.

पहिला संशय अर्थातच विजेवर गेला. जालन्याच्या एमआयडीसीत लोखंड वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आहेत, इथल्या सळया राज्यभर जातात. व्होल्टेज जरा हललं की आमच्याकडे लोक आधी भट्ट्यांना नावं ठेवतात. मीही ठेवली. पण लॅपटॉप हा स्वतःची बॅटरी पोटात घेऊन फिरणारा प्राणी. बॅटरी धड असेल तर भिंतीतली वीज गेली काय आणि आली काय. मी चार्जर काढला आणि बॅटरीवर काम सुरू केलं. चाळीस मिनिटांत तो पुन्हा बंद पडला. भट्ट्या निर्दोष सुटल्या, महावितरणही सुटलं. राहिली ती माझी थाप.

पप्पा पलंगावरून हे सगळं बघत होते. शेती सांभाळून त्यांनी वीस वर्षं मोटारी बांधल्या आहेत, म्हणजे जळालेल्या पंपाचं वाइंडिंग भरून देण्याचं काम. ते म्हणाले, "बंद कशानं पडतंय आन् पुन्हा चालू कामून होईना, ह्या दोन गोष्टी हायेत. तू एकच धरून बसला."

खरंच, दुसरंही दुखणं होतं. काही सकाळी बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा क्षणभर फिरायचा आणि सगळं गप्प. मी दोन्हींना एकच आजार समजत होतो.

शहरातल्या एका दुकानाने तर बघताक्षणी निदान केलं होतं: मदरबोर्ड गेला, अठरा हजार. तसं म्हणायला आधार आहे. १९९९ ते २००७ या काळात जगभरच्या मदरबोर्डांवर एक साथ आली होती. बोर्डावरच्या छोट्या डब्यांसारख्या कपॅसिटरमधलं रसायन सदोष निघालं. ते डबे फुगायचे, गळायचे, आणि मग यंत्र कधीही बंद पडायचं किंवा सुरूच व्हायचं नाही. डेल कंपनीने त्यापायी २००५मध्ये तीस कोटी डॉलरची तरतूद केली. पाठोपाठ युरोपीय संघाच्या नियमानुसार १ जुलै २००६पासून डाखातलं शिसं गेलं आणि उद्योगाला नव्या डाखाची सवय लावून घ्यावी लागली. २००८मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिप बेजार होऊन निकामी होत असल्याचं मान्य करत पंधरा ते वीस कोटी डॉलर बाजूला काढले. चिप तापते, थंड होते, पुन्हा तापते, आणि कधीतरी खालचा सांधा तडकतो. दुरुस्तीवाल्यांच्या एका पिढीचं निदान या दशकात घडलं आहे. कारण कळेना तर बोर्ड गेला म्हणायचं. माझ्या बोर्डावर मात्र एकही डबा फुगलेला नव्हता.

मग मी तापमान मोजणारा प्रोग्रॅम टाकला आणि आकडे दर पाच सेकंदांनी फाइलमध्ये लिहून घेतले. यंत्राला मरताना लिहिता येत नसेल तर त्याने मरायच्या आधी तरी लिहावं. दोन दिवसांत चित्र उलगडलं. प्रत्येक वेळी शेवटचे आकडे नव्वदीच्या पुढे चढत गेलेले होते.

प्रोसेसरचा स्वभाव असा, की शंभर अंशांच्या आसपास तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही ताप वाढतच गेला तर एक संकेत थेट वीज तोडतो. ऑपरेटिंग सिस्टिमला विचारत नाही, फाइल सेव्ह करायला सवड देत नाही. म्हणून नोंदीत शून्य. हा शहाणपणा यंत्रांत एकदम आलेला नाही. २००१च्या सप्टेंबरात 'टॉम्स हार्डवेअर'ने एक व्हिडिओ दाखवला होता. चालू संगणकांच्या प्रोसेसरवरचे उष्णता ओढून घेणारे धातूचे ठोकळे त्यांनी काढून घेतले. इंटेलचा पेंटियम ४ मंदावला, पण जगला. एएमडीचा अ‍ॅथलॉन काही सेकंदांत धूर काढत जळाला. तापल्यावर स्वतःहून थांबणं ही गोष्ट आज गृहीत धरली जाते, ती त्या जळालेल्या चिपांच्या पिढीनंतर सगळीकडे रुळली. मी ज्याला बिघाड म्हणत होतो, तो खरा बिघाड होऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त होता.

अशा बंदोबस्ताची चूकही होते, आणि तिचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. ३० जुलै २०१२च्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन ट्रिप झाली. तिच्यावर शॉर्ट सर्किट झालेलं नव्हतं. जोडीची दुसरी लाइन कामासाठी बंद होती, म्हणून हिच्यावर बेसुमार भार आला, आणि संरक्षणासाठी बसवलेल्या रिलेने त्या भारालाच बिघाड समजून लाइन तोडली. तिचा भार इतर लाइनींवर गेला, त्याही तुटत गेल्या आणि सगळा उत्तरेचा ग्रिड कोसळला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला पुन्हा तेच. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन ग्रिड गेले. साठ कोटींहून अधिक वस्तीचा मुलूख अंधारात गेला. पश्चिमेचा ग्रिड, म्हणजे आपला, वाचला.

त्यानंतरची गोष्ट पप्पांच्या दुसऱ्या प्रश्नाची आहे. विझलेला ग्रिड बटण दाबून पेटत नाही. औष्णिक केंद्राला कोळसा दळायला, बॉयलरमध्ये पाणी चढवायला, हवा फुंकायला आधी वीजच लागते. म्हणून पहिली ठिणगी जलविद्युत केंद्रातून किंवा शेजारच्या जिवंत ग्रिडमधून आणावी लागते. याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात. मग एकेक केंद्र, एकेक भाग जपून जोडायचा. घाई केली तर पुन्हा सगळं खाली. आमच्या शिवारात याचं छोटं रूप रोज दिसायचं. रात्री लाइट येईल तेव्हा मोटार आपोआप चालू व्हावी म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटोस्विच लावतात. लाइट आली की सगळ्या मोटारी एका क्षणी उठतात. उठताना मोटार नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते, आणि नुकती आलेली लाइट डीपीवरून परत जाते. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. पण रात्री दोनला अंधारात विहिरीवर जाणार कोण, याचं उत्तर त्या सूचनेत नसतं.

लॅपटॉपमध्येही असा क्रम असतो. सगळी व्होल्टेज स्थिर झाली की वीजपुरवठ्याचा भाग 'पॉवर गुड' नावाचा संकेत देतो, आणि तोवर प्रोसेसरला थांबवून ठेवलेलं असतं. ही पद्धत १९८१च्या आयबीएम पीसीपासूनची. पुढे मेमरीची तपासणी होते. माझा गाडा इथे अडत होता. जालन्यातल्या एका टपरीवजा दुकानातल्या पोराने रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने घासले, पट्टी परत दाबून बसवली. शंभर रुपये घेतले. सकाळचं दुखणं त्या दिवशी संपलं. अठरा हजारांचा बोर्ड आजही तोच आहे.

राहिला ताप. मार्चमध्ये एवढा कशाने? उन्हाळा दरवर्षीच असतो. थंडावा तुटला की काय होतं ते मराठवाड्याने याआधी पाहिलेलं आहे. २०१२-१३च्या दुष्काळात, ज्या वर्षी जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, परळीचं औष्णिक केंद्र फेब्रुवारीत बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, यंत्रं धड होती. पण गोदावरीवरचा खडका बंधारा कोरडा पडला होता आणि पाण्यावाचून ते केंद्र चालत नाही. जळण कितीही असो, निर्माण झालेली उष्णता बाहेर नेणारं काहीतरी लागतं. तिथे पाणी, इथे हवा.

त्या दुकानातल्या पोराने मागचं झाकण उघडं असतानाच पंख्याकडे बोट दाखवलं. "भाऊ, कापूस भरलाय का घरात?"

भरला होता. आदल्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, म्हणून २०२२चा कापूस गावोगावी लोकांनी विकला नाही. आमचाही पुढच्या खोलीत छताला टेकला होता, आणि त्याच्याच कडेला टेबल टाकून मी नोकरी करत होतो. अंगाला खाज सुटायची, तरी कुणी तक्रार केली नाही. लॅपटॉपच्या पंख्याने त्याच हवेतून श्वास घेतला होता. तांब्याच्या नळीपुढच्या बारीक पत्र्यांवर पांढऱ्या तंतूंची एक घट्ट गादी बसली होती. चिमट्याने उचलली तर अखंड निघाली, वातीसाठी पिंजल्यासारखी.

मे संपता संपता आम्ही कापूस विकला. भाव तेव्हा सात हजारांच्या आसपास होता. डिसेंबरात याहून बराच जास्त मिळत होता. गाडी भरली जात असताना पप्पा कुबडीवर उभे होते. म्हणाले, "तुझ्या मशिनीला बरं कळतं, कवा थांबायचं ते." पुढे काही बोलले नाहीत. मीही नाही.

मॅनेजरला मी सगळं खरं सांगितलं, लाइटच्या थापेसकट. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "कापूस? लॅपटॉपमध्ये?" लाइट गेल्याचं त्याला एका वाक्यात पटलं होतं. या वेळी चिमट्यातल्या गादीचा फोटो पाठवावा लागला. ऑफिसला बोलावण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

ती तापमानाची फाइल मी अजून ठेवली आहे. मेच्या अखेरीनंतर तिच्यात लिहिण्यासारखं काही नाही. त्यानंतर एक्केचाळीस नंबरची नोंद एकदाच दिसली, जुलैमध्ये. ती माझ्याच हाताची होती. घाईत मी पॉवरचं बटण दाबून धरलं होतं. नोंदीत मात्र तोच मजकूर, फक्त तपशिलात एका जागी बटण दाबल्याची वेळ होती. मी ती दोनदा वाचली. कारण लिहून ठेवलेली ती पहिलीच होती.