एकांताविना एकाकी : भूपेन खख्खर यांची माणसे

स्वातंत्र्योत्तर भारतीय चित्रकलेत एकटा माणूस प्रथम ठळकपणे अवतरतो तो शहरातला सुशिक्षित बेकार म्हणून. रामकुमार (१९२४–२०१८) यांनी पॅरिसमध्ये आंद्रे ल्होत आणि फेर्नां लेजे यांच्याकडे धडे घेतले आणि परतल्यावर १९५६ साली ‘अनएम्प्लॉइड ग्रॅज्युएट्स’ हे चित्र रंगवले. शहरी पोशाखातील ताठर, हताश तरुणांच्या या चित्रात माणसे शेजारी शेजारी आहेत, पण एकमेकांची नाहीत. रामकुमार हे हिंदीतील कथाकारही होते आणि निर्मल वर्मा यांचे थोरले बंधू. त्यांच्या त्या काळातील चित्रांवर नव्या हिंदी कथेतील महानगरी औदासीन्याची छाया पडलेली दिसते. पुढे १९६० साली ते हुसेन यांच्यासमवेत बनारसला गेले आणि त्यांच्या चित्रांतून माणूस हळूहळू नाहीसाच झाला. उरले ते घाट, कलती घरे, नदीचा राखाडी पट्टा. एकटेपण रंगवायचे तर चित्रावकाश रिकामा करीत जायचे, ही एक रीत त्यांनी शेवटच्या टोकापर्यंत नेली.

अकबर पदमसी, तय्यब मेहता यांच्या मानवाकृतीही बहुधा अशाच मोकळ्या, अनाम अवकाशात उभ्या आहेत. त्यांच्या थोरवीविषयी दुमत नाही. मात्र त्या माणसाला पत्ता नसतो. तो कोणत्या गल्लीत राहतो, कुठे नोकरी करतो, जेवतो कुणाबरोबर, हे प्रश्न त्या चित्रांत उद्भवतच नाहीत. त्याचे एकाकीपण अखिल मानवाचे असते आणि म्हणून काहीसे उदात्तही.

भूपेन खख्खर (१९३४–२००३) यांनी हाच विषय अगदी उलट बाजूने हाताळला. त्यांनी चित्र रिकामे केले नाही. ते गच्च भरले.

खख्खर यांचा जन्म मुंबईत, खेतवाडीत झाला. मूळ दीवच्या कारागीर कुळातले हे गुजराती कुटुंब. घरात गुजरातीबरोबर मराठी आणि हिंदीही बोलली जाई. वडील लहानपणीच गेले, आणि धाकट्या मुलाने सुरक्षित नोकरीला लागावे ही घरची स्वाभाविक अपेक्षा होती. ते चार्टर्ड अकाउंटंट झाले. खेतवाडी-गिरगावच्या त्या दाट वस्तीचे स्वरूप मराठी वाचकाला गंगाधर गाडगीळांच्या कथांमुळे परिचित आहे. तिथे भिंतीला कान असतात, दाराला सहसा कडी नसते आणि माणसाचे सगळे आयुष्य इतरांच्या देखत चालते. एकांत हा त्या जगात जवळजवळ ऐषाराम होता. एकाकीपण मात्र विपुल होते. मराठीत हे दोन शब्द शेजारी नांदतात, पण खख्खर यांची चित्रे पाहताना त्यांतील अंतर लक्षात ठेवावे लागते. त्यांच्या माणसाला एकांत नाही, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, तो एकाकी आहे.

गुलाममोहम्मद शेख यांच्या आग्रहावरून १९६२ साली ते बडोद्याला गेले. तेथील ललित कला विद्याशाखा १९५० साली सुरू झालेली होती आणि नारायण श्रीधर बेंद्रे त्या काळी तेथे अध्यापन करीत होते. खख्खर यांनी प्रवेश घेतला तो कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमाला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही आणि हिशेबनिसाचे काम पुढे बरीच वर्षे सोडले नाही. अर्धा दिवस जमाखर्च, उरलेला दिवस रंग. फ्रान्समधील जकात-कारकून चित्रकार आंरी रूसो त्यांना जवळचा वाटावा यात नवल नाही. १९६५ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या प्रदर्शनात त्यांनी बाजारातील देवादिकांच्या छापील चित्रांचे तुकडे चिकटवलेल्या कलाकृती मांडल्या. पुढील काळात कंपनी शैलीतील व्यवसायचित्रे, नाथद्वाऱ्याच्या पिछवाया, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची कामे आणि सिएन्ना नगरीतील चौदाव्या शतकातील इटालियन चित्रकार या सर्वांकडून त्यांनी मोकळेपणाने उचल घेतली.

१९७२ सालापासून त्यांनी रंगवलेल्या दुकानदार-कारागिरांच्या चित्रमालिकेला बराच काळ ‘पॉप’ म्हणून, विनोद म्हणून, मध्यमवर्गीय अभिरुचीची थट्टा म्हणून वाखाणले गेले. थट्टा त्यांत आहेच. परंतु ‘जनता वॉच रिपेअरिंग’ (१९७२) किंवा ‘डी-लक्स टेलर्स’ (१९७२) या चित्रांपुढे थोडा वेळ काढला की हसू ओसरते. कंपनी शैलीच्या चित्रांत इंग्रज साहेबाच्या संग्रहासाठी शिंपी, न्हावी, कुंभार असे ‘नमुने’ रंगवले जात. मागे कोरा कागद, पुढे धंद्याची हत्यारे. खख्खर यांनी तोच साचा घेतला आणि कोऱ्या कागदाच्या जागी संपूर्ण दुकान आणून ठेवले. घड्याळजीभोवती घड्याळे आहेत, शिंप्यापुढे कापड आहे. प्रत्येक वस्तू सारख्याच मायेने आणि सारख्याच तपशिलाने रंगवलेली असल्यामुळे माणूस त्या वस्तूंच्या रांगेतला एक होऊन बसतो. तो गिऱ्हाइकांची सेवा करतो, सर्वांना दिसतो, पण त्याला कोणी पाहत नाही. नुसत्या मांडणीतून एवढे साधणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

या काळातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे चित्र म्हणजे ‘मॅन विथ अ बुके ऑफ प्लॅस्टिक फ्लॉवर्स’ (१९७५). ते दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. मध्यभागी समोर पाहणारा एक प्रौढ गृहस्थ, हातात प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ. भोवती लहान लहान दृश्यांत घरे, माणसे, दैनंदिन व्यवहार. ही रचना आपल्या देवघरातली आहे. तसबिरीत मधोमध देव आणि सभोवती त्याच्या लीला असतात. खख्खर यांनी देवाच्या जागी हा गृहस्थ बसवला आणि लीलांच्या जागी त्याचे रोजचे जिणे. लीलांतून देवाचा महिमा वाढतो. येथे मात्र भोवतीच्या प्रसंगांनी गृहस्थाविषयी काहीच उलगडत नाही. तो कुणाची वाट पाहतो आहे काय? गुच्छ त्याला मिळालेला आहे की द्यायचा आहे? प्लॅस्टिकची फुले त्या वर्षांत दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये प्रतिष्ठेने ठेवली जात. ती कोमेजत नाहीत, म्हणून ती कधीही देता येतात, आणि न देताही वर्षानुवर्षे हातात धरून ठेवता येतात.

हीच रचना त्यांनी इंग्लंडमध्येही वापरून पाहिली. १९७९ साली ते तेथे काही महिने राहिले. चित्रकार हॉवर्ड हॉजकिन त्यांचे स्नेही होते. त्या मुक्कामातील ‘मॅन इन पब’ (१९७९) या चित्रात दारूच्या गुत्त्यात बसलेला एक इंग्रज आहे आणि कडेच्या छोट्या दृश्यांत त्याचे घर. बडोद्याच्या शिंप्याला जे मिळत नव्हते ते, म्हणजे स्वतंत्र खोली आणि बंद दार, याच्याकडे भरपूर आहे. तरी तोही एकटाच. एकाकीपण हे केवळ पाश्चात्त्य समाजाचे दुखणे आहे, आपल्याकडे कुटुंब आणि शेजार आहे, अशी जी समजूत आपण बाळगतो तिला या दोन चित्रांनी मिळून चांगलाच छेद दिला आहे.

येथे त्यांच्या गुजराती लेखनाचा उल्लेख करावयास हवा. ‘मगनभाईनो गुंदर’, ‘फोरेन सोप’ यांसारख्या कथा आणि ‘मोजिला मणिलाल’ हे नाटक लिहिणारा हा चित्रकार साहित्याच्या अभ्यासकांनी अजून पुरेसा वाचलेला नाही. क्षुल्लक वस्तूभोवती माणसाची इच्छा कशी गुंडाळली जाते, हे शीर्षकांतील डिंक आणि साबण यांवरूनही सूचित व्हावे.

खख्खर समलिंगी होते. आपल्या आयुष्यातील हे सत्य त्यांनी दीर्घकाळ झाकून ठेवले. १९८० साली आईचे निधन झाले आणि त्यानंतर हा विषय त्यांच्या चित्रांत उघडपणे आला. ‘यू कान्ट प्लीज ऑल’ (१९८१) मध्ये सज्जात उभा असलेला एक नग्न पुरुष खालच्या गावाकडे पाहतो आहे. गावात बाप, मुलगा आणि गाढव यांची गोष्ट घडते आहे. कुणी म्हणाले म्हणून मुलाला बसवले, कुणी म्हणाले म्हणून बापाला, आणि अखेर गाढवच गेले, ही कथा आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. जग मधोमध आणि माणूस कडेला, अशी आता अदलाबदल झाली. मधल्या जागेवरून समोर पाहणारा, सर्वांना दिसणारा गृहस्थ येथे पाठमोरा झाला, कपड्यांतून मोकळा झाला आणि प्रथमच स्वतः पाहू लागला. एकाकी तो अजूनही आहे, परंतु आता त्याला एकांत लाभला आहे. हे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाने १९९६ साली घेतले.

त्याच १९८१ साली मुंबई आणि दिल्ली येथे ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन भरले. जोगेन चौधरी, नलिनी मलानी, सुधीर पटवर्धन, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम यांच्यासमवेत खख्खर त्यात सहभागी होते, आणि गीता कपूर यांनी त्याची वैचारिक मांडणी केली. पटवर्धनांचा ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) मधला माणूसही गर्दीच्या शहरातला एकटाच. पण ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या या चित्रकाराची नजर वर्गीय वास्तवाकडे अधिक वळलेली आहे.

‘टू मेन इन बनारस’ (१९८२) मध्ये खख्खर बनारसला पोहोचतात. रामकुमारांनी ज्या नगरीतून माणसे काढून टाकली, तेथे खख्खर दोन नग्न पुरुषांना आलिंगन देत उभे करतात, आणि त्यांच्या शेजारी लहान आकारात साधू, पूजा, नित्याची वर्दळ रंगवतात. कोणी त्यांच्याकडे वळून पाहत नाही. ही दुर्लक्षाची कृपा तेव्हा चित्रातच शक्य होती. प्रत्यक्षात १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम लागू होते, आणि सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी, चित्रकाराच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी. या चित्रांना केवळ ‘कबुलीजबाब’ म्हणण्याची प्रथा मला पटत नाही. कबुली गुन्ह्याची देतात. खख्खर यांनी १९७५ च्या चित्रात जे फूल हातात धरून ठेवले होते ते १९८२ साली देऊन टाकले, एवढेच घडले.

१९९८ साली त्यांना कर्करोगाचे निदान झाले. ‘अ‍ॅट द एंड ऑफ द डे आयर्न इंगॉट्स केम आउट’ (१९९९) आणि ‘बुलेट शॉट इन द स्टमक’ (२००१) या अखेरच्या पर्वातील चित्रांत देह आतून उघडा पडला आहे. दुखण्याचा लाजिरवाणेपणा, भीती आणि त्यांचा जुना उपहास तेथे एकाच रंगात कालवलेला दिसतो. प्रेमात सोबती असू शकतो. वेदनेत दुसऱ्याला कितपत नेता येते, हा प्रश्न त्यांनी या काळात आपल्याच शरीरावर तपासला. ८ ऑगस्ट २००३ रोजी बडोद्यात त्यांचे निधन झाले.