फिर्यादी, साक्षीदार आणि त्यांचा कैवारी : फौजदारी न्यायाच्या इतिहासातील एक उपेक्षित अंग

फौजदारी खटल्याच्या मथळ्यावर सामान्यतः दोन नावे आढळतात. एका बाजूस राज्य आणि दुसऱ्या बाजूस आरोपी. ज्या व्यक्तीवर प्रहार झाला, जिची मालमत्ता गेली किंवा जिचा आप्त मारला गेला, तिचे नाव ह्या मथळ्यात नसते. खटल्यात तिला स्थान मिळते ते साक्षीदार म्हणून; तिला पाचारण करावयाचे की नाही हे सरकारी पक्ष ठरवितो आणि साक्ष संपताच तिचे काम संपते. न्यायव्यवस्थेच्या इतिहासावरील आपल्या लेखनात न्यायाधीश, कायदा, शिक्षा आणि आरोपीचे हक्क ह्यांचा विचार पुष्कळ झाला आहे. परंतु पीडित व्यक्ती व साक्षीदार ह्यांच्या बाजूने उभे राहणारा, त्यांना प्रक्रिया समजावून देणारा व त्यांचे म्हणणे न्यायासनापर्यंत पोचविणारा जो कैवारी, त्याची गरज कशी उत्पन्न झाली आणि ती भागविण्याचे कोणते प्रयत्न झाले, ह्याचा स्वतंत्र विचार क्वचितच झालेला दिसतो. प्रस्तुत लेखात त्याची स्थूल रूपरेषा मांडण्याचा हेतू आहे.

प्रथम मराठेशाहीतील पद्धतीकडे पाहू. वि. त्रिं. गुणे ह्यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील प्रबंध पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५३ साली प्रसिद्ध केला. महजर, निवाडपत्रे व तत्सम कागदपत्रांवरून जे चित्र उभे राहते त्यात वादाचे दोन्ही पक्ष, म्हणजे अग्रवादी व पश्चिमवादी, स्वतः सभेपुढे उभे असत. दोघांकडून जामीन घेतले जात, दोघांच्या तक्रिरी लिहून घेतल्या जात, साक्षी पुरावा होई, आणि मानवी पुरावा अपुरा पडल्यास दिव्याचा अवलंब केला जाई. निवाडा झाल्यावर हरलेल्या पक्षाकडून यजितखत लिहून घेण्याचा प्रघात होता. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तक्रार करणारा हा वादाचा पक्षकार होता, निव्वळ पुराव्याचे साधन नव्हता. त्याचप्रमाणे साक्षीदारही बहुधा गोताच्या व गावाच्या समक्ष बोले. त्याच्या शब्दाला जसा समूहाचा धाक होता तसाच समूहाचा आधारही होता.

तथापि ह्या चित्राने भुलून जाणे योग्य होणार नाही. उपलब्ध कागदपत्रांचा मोठा भाग वतनाच्या वादांचा आहे. ज्यांना वतन नव्हते त्यांचा आवाज त्यात फारसा उमटत नाही. गोताचा आधार हा गोतात ज्याला मान होता त्याचा आधार होता. व्यभिचाराचा ठपका आलेल्या स्त्रियांना बटकी करण्याची शिक्षा पेशवाईत दिली जात असे. अशा स्त्रीच्या बाजूने सभेत कोण बोलले असेल, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःस विचारावा. तात्पर्य, जुन्या पद्धतीत फिर्यादीला स्थान होते, पण ते त्याच्या सामाजिक स्थानाच्या प्रमाणात होते.

इंग्रजी अमलात ह्या स्थितीत मूलगामी बदल झाला. बंगालमध्ये कंपनी सरकार तोपर्यंत इस्लामी फौजदारी कायदा चालवीत होते. त्या कायद्याप्रमाणे खून झालेल्याच्या वारसांना खुन्यास माफी देण्याचा अधिकार होता. १७९० साली कॉर्नवॉलिसने हा अधिकार काढून घेतला. ह्यामागील विचार असा की, खून हा केवळ एका कुटुंबाचा अपाय नसून सार्वजनिक शांततेविरुद्धचा अपराध आहे. त्याची शिक्षा वारसांच्या इच्छेवर, अथवा त्यांना दिलेल्या पैशावर वा धमकीवर, अवलंबून असता कामा नये. मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या नियमसंहितेने अपराध व शिक्षा ह्यांची लेखी व्यवस्था लावली. पुढे भारतीय दंडसंहिता १८६० साली झाली व १८६२ च्या आरंभापासून अमलात आली. फौजदारी प्रक्रियेची पहिली संहिता १८६१ ची, आणि पुराव्याचा कायदा १८७२ चा.

ह्या बदलाची इष्ट बाजू नाकारता येणार नाही. दुर्बल फिर्यादीला प्रबळ आरोपीशी एकट्याने झुंजावे लागू नये म्हणून राज्याने खटला आपल्या अंगावर घेतला, हे तत्त्व न्याय्यच होते. परंतु खटला अंगावर घेताना राज्याने फिर्यादीची जागाही घेतली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४९३ व्या कलमात ह्याचे नेमके प्रत्यंतर मिळते. खाजगी व्यक्तीने वकील दिला तरी खटला सरकारी वकीलच चालवील आणि खाजगी वकिलाने त्याच्या सूचनेनुसार काम करावे, अशी ती तरतूद होती. १९७३ च्या संहितेत ती ३०१ व्या कलमात आली. भर पडली ती एवढीच की, पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने त्या वकिलास लेखी युक्तिवाद सादर करता येई. नुकसानभरपाईचीही तीच गत होती. १८९८ च्या संहितेप्रमाणे ती आरोपीस झालेल्या दंडातून द्यावयाची, म्हणजे दंड झाला नाही तर भरपाईही नाही.

पुराव्याच्या कायद्याने साक्षीदाराच्या रक्षणासाठी काही मर्यादा घातल्या होत्या. असभ्य व अपमानकारक प्रश्नांना मनाई करण्याचा अधिकार न्यायालयास १५१ व १५२ ह्या कलमांनी दिलेला होता. परंतु त्याच कायद्याच्या १५५ व्या कलमातील चौथ्या पोटकलमानुसार बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्रीचे सामान्य चारित्र्य अनैतिक होते असे दाखवून तिची विश्वासार्हता खोडून काढता येई. हे पोटकलम रद्द होण्यास २००२ ची दुरुस्ती यावी लागली. एकशे तीस वर्षे साक्षीच्या पिंजऱ्यात स्त्रीचीच चौकशी होत राहिली.

ह्या व्यवस्थेचे सर्वांत विदारक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. २६ मार्च १९७२ रोजी त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन, पोरक्या आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाला. तिच्या भावाने दिलेल्या तक्रारीच्या संदर्भात जबाबासाठी तिला ठाण्यात आणलेले होते. म्हणजे ज्या जागी तिने संरक्षणाच्या अपेक्षेने यावे, त्याच जागी हा प्रकार घडला. सत्र न्यायालयाने १९७४ साली दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाच्या नागपूर पीठाने १९७६ साली तो निर्णय फिरवून एकास पाच वर्षांची व दुसऱ्यास एक वर्षाची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये ती रद्द केली. तिच्या अंगावर इजेच्या खुणा नव्हत्या व तिने आरडाओरडा केला नाही, ह्यावरून तिची संमती होती असा निष्कर्ष काढण्यात आला. ह्या अपिलात ती पक्षकार नव्हती. तिचे नाव अभ्यासकांना परिचित आहे. तरी ते येथे मुद्दाम घेतलेले नाही, आणि त्याचे कारण पुढे येईल.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धगमवार ह्या कायद्याच्या चार अध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. मुकाट्याने वश होणे आणि संमती देणे ह्यांत कायद्यानेच भेद केलेला आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. रात्री पोलीस ठाण्यात, पोलिसांच्या ताब्यात असलेल्या एका गरीब मुलीने प्रतिकार कसा करावा अशी न्यायालयाची अपेक्षा होती, असा त्यांचा सवाल होता. स्त्रियांना ठाण्यात बोलाविण्याबाबत ह्याच न्यायालयाने १९७८ साली नंदिनी सत्पथी प्रकरणात जी नापसंती व्यक्त केली होती, तिचा विसर कसा पडला, असेही त्यांनी विचारले. त्या मुलीने ह्या चौघांना वकीलपत्र दिलेले नव्हते, आणि निकालही बदलला नाही. परंतु १९८० साली देशभर स्त्री-संघटनांनी चळवळ उभारली आणि १९८३ च्या दुरुस्तीने कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, असा ११४-अ हा नियम पुराव्याच्या कायद्यात आला. अशा खटल्यांची सुनावणी बंद दाराआड करण्याची तरतूद झाली. आणि पीडितेची ओळख प्रकट करणे हा २२८-अ ह्या कलमाने अपराध ठरला. जिच्यामुळे हे कलम आले, तिचेच नाव मात्र खटल्याचे नाव म्हणून सर्वतोमुखी झाले. वर नाव न घेण्याचे कारण हेच.

योगायोग असा की, १९७२ ह्याच वर्षी अमेरिकेत वॉशिंग्टन व सेंट लुईस ह्यांसारख्या शहरांत पीडितांच्या साह्यासाठी पहिली केंद्रे स्वयंसेवी प्रयत्नांतून सुरू झाली. न्यायालयात सोबत जाणे, तारखा कळविणे, प्रवासाची सोय पाहणे, धमकी आल्यास पोलिसांशी बोलणे, अशी कामे करणारा एक स्वतंत्र व्यवसायच तेथे पुढे निर्माण झाला. १९८५ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पीडितांना न्याय देण्याच्या तत्त्वांची घोषणा केली. आपल्याकडे ह्या कामाचा एक लक्षणीय आरंभ मुंबईत झाला. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने पोलीस आयुक्तांच्या कचेरीतच स्त्रिया व मुले ह्यांच्यासाठी विशेष कक्ष उघडला व तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते नेमले. ह्यातील मर्म जागेच्या निवडीत आहे. कैवारी बाहेर कोठेतरी असून भागत नाही. तक्रार लिहिली जाते त्या मेजाशेजारी तो असावा लागतो.

कैवाऱ्याच्या कार्याची सर्वांत स्पष्ट व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९९४ मध्ये, रेल्वेगाडीत सैनिकांच्या अत्याचारास बळी पडलेल्या घरकामगार स्त्रियांच्या प्रकरणात केली. बलात्काराच्या फिर्यादीस फौजदारी कामाची माहिती असलेला वकील मिळावा. त्याने तिला कामकाजाचे स्वरूप समजावून द्यावे, पोलीस ठाण्यात व न्यायालयात साह्य करावे, तसेच मानसिक व वैद्यकीय मदत कोठे मिळेल हेही सांगावे. आणि शक्यतो आरंभापासून शेवटपर्यंत तोच वकील असावा, असे त्यात सांगितले आहे. अशा वकिलांची यादी ठाण्यात ठेवावी, असाही निर्देश होता. ह्यातील ‘तोच वकील’ हा आग्रह मोलाचा आहे. खटला वर्षानुवर्षे चालतो, अधिकारी बदलतात, सरकारी वकील बदलतात. प्रत्येक नव्या माणसापुढे तीच हकिकत पुन्हा सांगणे ही पीडितेला होणारी दुसरी इजा होय.

साक्षीदारांचा प्रश्न बेस्ट बेकरी खटल्याने ऐरणीवर आणला. १ मार्च २००२ रोजी वडोदरा येथे चौदा जणांचा बळी गेला. २००३ साली अनेक साक्षीदार उलटले व सर्व एकवीस आरोपी सुटले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगही सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २००४ मध्ये न्यायालयाने फेरखटला महाराष्ट्रात चालविण्याचा हुकूम दिला आणि २००६ साली मुंबईच्या न्यायालयाने नऊ जणांना दोषी ठरविले. पुढे २०१२ साली उच्च न्यायालयाने त्यांपैकी चौघांची शिक्षा कायम ठेवली. पण ज्या तरुणीच्या जबानीवर खटला उभा होता, तिने पुन्हा पुन्हा जबाब बदलल्याबद्दल तिलाच न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक वर्षाची कैद झाली. खोट्या साक्षीस शिक्षा असावी हे मान्य; परंतु भय किंवा लोभ ज्यांनी निर्माण केला ते सुटावेत आणि आपले आप्त गमावलेल्या साक्षीदारालाच तुरुंग मिळावा, ह्यातून व्यवस्थेचा दोष उघड होतो.

त्यानंतरच्या सुधारणा वेगाने झाल्या. ३१ डिसेंबर २००९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ‘पीडित’ ह्या शब्दाची व्याख्या प्रथमच प्रक्रिया संहितेत आली, निर्दोष सुटकेविरुद्ध अपिलाचा हक्क पीडितास मिळाला, आणि भरपाई आरोपीच्या दंडावर अवलंबून न राहता राज्याच्या योजनेतून देण्याची सोय झाली. महाराष्ट्राची मनोधैर्य योजना २०१३ ची. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ च्या आरंभापासून १५-अ हे कलम अमलात आले; त्यात पीडित व साक्षीदार ह्यांचे संरक्षण, प्रवास व निर्वाह खर्च, तसेच सामाजिक कार्यकर्ते व वकील ह्यांचे साह्य घेण्याचा हक्क नमूद आहे. साक्षीदार संरक्षणाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने २०१७ साली केला. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला देशभर कायद्याचे बल दिले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९८ व्या कलमाने अशी योजना करणे प्रत्येक राज्याचे कर्तव्य ठरविले.

असे असूनही मूळ पेच सुटलेला नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, पीडिताच्या वकिलास सरकारी वकिलाला साह्य करता येईल, पण स्वतंत्रपणे तोंडी युक्तिवाद अथवा साक्षीदारांची उलटतपासणी करता येणार नाही. उलट एप्रिल २०२२ मध्ये लखीमपूर खेरी प्रकरणातील जामिनाच्या प्रश्नावर त्याच न्यायालयाने पीडितास प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडण्याचा हक्क आहे असे प्रतिपादिले. हे दोन निर्णय परस्परांस छेद देतात असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः दोहोंच्या मागे एकेक न्याय्य भीती उभी आहे. पहिल्यामागील भीती अशी की, दोन अभियोक्ते एका आरोपीवर तुटून पडल्यास खटल्याला सूडाचे रूप येईल. दुसऱ्यामागील भीती अशी की, ज्याचे नुकसान झाले तो मूकच राहिल्यास राज्याचा न्याय त्याला परका वाटेल.

ह्या दोहोंमधील वाट कैवाऱ्याच्या कार्याच्या नेमक्या स्वरूपात सापडते, असे वाटते. साक्षीदाराला धीर देणे ही एक गोष्ट आणि त्याला साक्ष पढविणे ही दुसरी. न्यायालयात कोण कोठे बसते, कोणते प्रश्न येऊ शकतात, आठवत नसल्यास तसे सांगण्यास संकोच नको, हे समजावून देणारा कैवारी सत्याला साह्य करतो. काय उत्तर द्यावयाचे हे सांगणारा खटल्याचा घात करतो, आणि त्याबरोबर आरोपीच्या न्याय्य सुनावणीच्या हक्काचाही. कैवारी न्यायाधीश नव्हे, अभियोक्ताही नव्हे. कॉर्नवॉलिसने वारसाकडून माफीचा अधिकार काढून घेतला तो परत देण्याची मागणी आज कोणी विचारी मनुष्य करणार नाही. मागणी आहे ती एवढीच की, खटला राज्याने चालवावा, परंतु ज्याच्यासाठी तो चालवावयाचा त्याला दाराबाहेर ठेवू नये.

संशोधकांपुढे ह्यातून एक काम उभे राहते. जिल्हा न्यायालयांच्या दप्तरांत साक्षीदारांच्या जबान्या आहेत, तहकुबीच्या नोंदी आहेत, भत्त्याची खाती आहेत. ह्या कागदांकडे आजवर निकालाचा पुरावा म्हणून पाहिले गेले. साक्षीदार किती वेळा आला, किती वेळा साक्ष न होताच परत गेला, त्याच्यासोबत कोण होते, ह्या दृष्टीने ते पुन्हा वाचले पाहिजेत. १९७९ सालच्या चार अध्यापकांनीही एक छापील निकालपत्रच वाचले होते. फरक एवढाच की, त्यांनी ते त्यात जिचे म्हणणे खोटे ठरविले गेले होते तिच्या बाजूने वाचले.