२३ नोव्हेंबर १९९४ : एक घटना आणि तिची दोन नावे



दरवर्षी २३ नोव्हेंबर उजाडला की नागपुरात सीताबर्डी येथील शहीद गोवारी स्मारकापाशी आपला समाज जमतो, फुले वाहतो आणि आपापल्या गावी परततो. हे स्मरण उचितच आहे. परंतु त्या दिवसाविषयी काय लिहिले गेले व कोणत्या शब्दांत लिहिले गेले, याचाही विचार या स्मरणिकेत व्हावा असे आम्हांस वाटते. घटना एकदाच घडते. पुढील पिढीच्या हाती मात्र बहुधा तिचे नावच उरते.

प्रथम जे निर्विवाद आहे ते सांगतो. १९९४ साली विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात चालू होते. २४ एप्रिल १९८५ च्या शासन निर्णयाने गोवारी समाज अनुसूचित जमातींच्या सवलतींपासून दूर राहिला होता. त्या सवलती मिळाव्यात म्हणून विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून हजारो गोवारी बांधव मोर्चाने आले. मोर्चा विधानभवनाकडे जाण्यापूर्वीच मॉरिस कॉलेजजवळच्या टी-पॉइंटवर अडविण्यात आला. तेथे लाठ्या चालल्या, एकच धावपळ उडाली, आणि ११४ जीव गेले. त्यांत स्त्रिया व मुले यांची संख्या फार मोठी होती. तत्कालीन आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग नेमला गेला; त्याने कोणासही व्यक्तिशः दोषी धरले नाही.

येथून वादास आरंभ होतो. जमाव अनावर झाला, त्याने अडथळे मोडू पाहिले, म्हणून बळाचा वापर करावा लागला, असा एक पक्ष. शांतपणे बसलेल्या लोकांना निवेदन स्वीकारण्यास कोणी आले नाही, दिव्याची मोटार दिसताच मंत्री आले असे समजून लोक उठले आणि तेवढ्यावरूनच लाठ्या पडल्या, असा दुसरा पक्ष. आमच्या घराघरांतून आजही हेच सांगितले जाते. पहिल्याने घटनेस ‘चेंगराचेंगरी’ म्हटले, दुसऱ्याने ‘गोवारी हत्याकांड’.

हे दोन्ही शब्द नीट तपासले पाहिजेत. ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द माणसे कशी मेली ते सांगतो, का मेली ते सांगत नाही. त्यात कर्ता नाही. जणू जमावानेच जमावास मारले. मरणाऱ्यावरच मरणाचा ठपका ठेवण्याची सोय त्या एका शब्दात आहे. उलट ‘हत्याकांड’ या शब्दात हेतूचा आरोप आहे, आणि आरोप म्हटला की पुरावा देण्याचे दायित्व आपल्यावर येते. वृत्तपत्रांनी आपली बाजू मांडलीच नाही, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. ‘हत्याकांड’ हा शब्द वृत्तपत्रांतूनही रूढ झाला. परंतु अशा प्रसंगी पहिली बातमी बहुधा अधिकाऱ्यांच्या कथनावरून तयार होते. त्यांच्यापाशी दूरध्वनी असतो, प्रवक्ता असतो. गुरे राखणाऱ्या माणसाजवळ यांपैकी काही नसते, आणि त्या रात्री तर तो इस्पितळात आपले माणूस शोधीत फिरत असतो.

हे दुःख केवळ आपलेच नाही. इंग्लंडमध्ये शेफिल्ड शहरी १५ एप्रिल १९८९ रोजी हिल्सबरो मैदानावर फुटबॉलचा सामना पाहण्यास आलेले लोक चेंगरले. मृतांची संख्या पुढे ९७ झाली. चारच दिवसांनी ‘द सन’ या वृत्तपत्राने पहिल्या पानावर छापले की, प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापले व पोलिसांशी किळसवाणे वर्तन केले. मृतांच्या आप्तांनी हार मानली नाही. त्यांनी कागद जपले, साक्षी जपल्या. २०१२ साली स्वतंत्र मंडळाने ते आरोप निराधार असल्याचे दाखविले, आणि पोलिसांचे कित्येक जबाब बदलण्यात आल्याचेही उघड केले. २०१६ साली ज्यूरीने प्रेक्षकांस निर्दोष ठरविले. यास २७ वर्षे लागली.

आपल्या देशातही जालियनवाला बागेनंतर सरकारी हंटर समितीवर विसंबून न राहता काँग्रेसने आपली स्वतंत्र चौकशी केली. गांधीजी व त्यांचे सहकारी यांनी पंजाबात हिंडून शेकडो साक्षी नोंदविल्या आणि १९२० साली अहवाल प्रसिद्ध केला.

आपण काय केले? पुढे विशेष मागास प्रवर्गात आपला समावेश झाला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपल्या बाजूने निर्णय दिला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. हक्काच्या लढ्याचे कागद असे न्यायालयात जपले गेले. परंतु त्या सायंकाळच्या साक्षी मात्र अजून वृद्धांच्या मनातच आहेत, आणि दरवर्षी त्यांतील काही कायमच्या नाहीशा होत आहेत.

म्हणून समाजातील प्रत्येक कुटुंबास आमची नम्र विनंती आहे. आपल्या घरी त्या दिवशी मोर्चात गेलेले कोणी असेल, तर त्यांच्याजवळ बसून ऐकावे व लिहून घ्यावे. आपण कोठे होता, काय पाहिले, कोणती आज्ञा ऐकली, कोणाचा हात सुटला, एवढेच लिहावे. ऐकीव गोष्ट पाहिलेली म्हणून लिहू नये, आणि आपल्या पक्षास अडचणीची म्हणून एखादी गोष्ट वगळूही नये. साक्ष वाढविली की ती कमजोर होते.

आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या गावची गुरे राखली. सांजवेळी कळप परतला की तो मोजावयाचा, आणि एखादे जनावर कमी भरले तर अंधारातही शोधावयास निघावयाचे, हा आपला धर्म होता. त्या सायंकाळी आपली ११४ माणसे कमी भरली. ती कशी गेली याचा शोध अपुरा ठेवणे आपणांस शोभणार नाही.