चिटावरचीं फुलें

फुलाफुलांच्या कापडाची आवड ही बायकांची एक क्षुल्लक हौस, असें समजून विद्वान् मंडळी तिच्याकडे सहसा वळत नाहींत. परंतु जी हौस मोडून काढण्यासाठीं इंग्लंड आणि फ्रान्स या दोन बलाढ्य राष्ट्रांस कायदे करावे लागले, ती इतिहासाच्या अभ्यासकानें इतक्या सहज बाजूस सारावी अशी खास नव्हे. मला तिच्याकडे वळविलें तें मात्र ग्रंथांनीं नव्हे, आमच्या घरांतील एका गोधडीनें.

माझी आजी डहाणूची. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जन्मलेल्या या बाईची सुई उणींपुरीं सत्तर वर्षें फारशी थांबली नाहीं. परकर, पोलकीं, झबलीं, दुपटीं, जें म्हणून शिवी तें फुलांच्या कापडाचें. सन १९३० मध्यें तिनें आपला एकुलता एक चांगला विलायती चिटाचा परकर होळींत टाकला. परंतु टाकण्यापूर्वीं त्याचा वीतभर तुकडा कापून ठेवला. तो त्या गोधडीच्या मधोमध आहे. त्या तुकड्याबद्दल ती अखेरपर्यंत ओशाळलेली असे. तिचें ओशाळणें रास्त होतें काय, हा माझा प्रश्न आहे.

चीट म्हणजे फुलें छापलेलें वा रंगविलेलें सुती कापड. हिंदींतील छींट, अर्थात् शिंतोडा, हें त्याचें मूळ. इंग्रजांनीं त्याचेंच ‘चिंट्झ’ केलें. सुतावर पक्का रंग बसविणें सोपें नाहीं. आमच्या रंगाऱ्यांनीं तुरटीचें पाणी कापडावर आधीं छापून मग तें मंजिष्ठासारख्या मुळांच्या काढ्यांत उकळण्याची युक्ति साधली. तुरटी लागली असेल तेथें तांबडा रंग धरतो, इतरत्र तो धुऊन जातो. तुरटीऐवजीं लोखंडाचें पाणी लाविलें तर तोच काढा काळी रेघ देतो. गुजरातेंत छापलेल्या अशा कापडाचे मध्ययुगीन तुकडे इजिप्तमधील फुस्तात येथें सांपडले आहेत. डहाणूचा किनारा या दर्यावर्दी व्यापाराच्या वाटेवरचाच. सन १७३९ मध्यें मराठ्यांनीं घेईपर्यंत तो पोर्तुगीजांकडे होता, आणि पोर्तुगीज अशा कापडास ‘पिंटाडो’, म्हणजे रंगविलेलें, असें म्हणत.

सतराव्या शतकांत हें कापड यूरोपांत लोकप्रिय झालें, तसे तेथील विणकर हवालदिल झाले. फ्रान्सनें १६८६ सालीं त्यावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनें १७०० मध्यें आयात रोखली. तेवढ्यानें भागेना म्हणून १७२१ च्या कायद्यानें छापील सुती कापड अंगावर घालणेंच गुन्हा ठरविलें. तत्पूर्वीं, १७१९ सालीं, लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागांतील विणकरांनीं भर रस्त्यांत स्त्रियांच्या अंगावरील चिटाचे कपडे फाडले होते. विणकरांची उपासमार खोटी नव्हती. पण तिचा दंड भरला तो ज्यांच्या अंगावर फुलें होतीं त्यांनीं.

कायदा १७७४ मध्यें उठला, आणि थोड्याच वर्षांत, १७८३ सालीं, टॉमस बेल यानें तांब्याच्या रुळांनीं कापड छापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. मग प्रवाह उलटला. आमचेंच फूल मँचेस्टरच्या रुळावर चढून स्वस्त दरानें आमच्याच बाजारांत परतलें, आणि येथल्या ठसेकाऱ्यांची भाकरी हिरावली गेली. पाठोपाठ शिवणयंत्रही आलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगर कंपनीचा या देशांतील कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल नांवाचे पारशी गृहस्थ पाहात. स्वस्त चीट आणि घरचें यंत्र यांनीं एक गोष्ट मात्र केली: जें फूल पूर्वीं जरतारींत वा कशिद्यांत श्रीमंतांच्या अंगावर असे, तें सामान्य घरच्या मुलीच्या परकरावर आलें.

तेंच पुढें तिला सोडावें लागलें. ३१ जुलै १९२१ रोजीं गांधीजींनीं मुंबईस परळ येथें विलायती कापडाची होळी केली. १२ डिसेंबर १९३० रोजीं काळबादेवीस अशाच कापडानें भरलेली मोटार अडवितांना बाबू गेनू चिरडला गेला. अशा बलिदानापुढें वीतभर तुकड्याची कथा ती काय! आजीच्या ओशाळेपणाचें मूळ येथेंच होतें.

तथापि लंडनचें फाडणें आणि आमचें जाळणें यांत अंतर आहे. तेथें दुसऱ्यानें अंगावरून ओढलें. आजीनें स्वतःच्या हातानें दिलें. ज्यास निवडण्याचा अधिकार आहे त्याचाच त्याग त्याग होय. हें मला उमगलें तें आजीच्याच एका आठवणीवरून. स्वातंत्र्यानंतर तलासरीच्या बाजूनें बाजारास येणाऱ्या वारली स्त्रिया चोळीसाठीं फुलांचें कापड घेऊन तिच्याकडे शिवावयास देत. शिलाईबद्दल कधीं पानाच्या द्रोणांत करवंदें ठेवून जात. फूल त्या स्वतः निवडीत, आणि आजी त्यांत ढवळाढवळ करीत नसे. याच मुलखांत लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं नवराबायको ‘लग्नगडी’ म्हणून जमीनदाराकडे राबत असत. मे १९४५ मध्यें, आजच्या तलासरी तालुक्यांतील झरी येथें, गोदावरी परुळेकर व किसान सभा यांच्या नेतृत्वाखालीं वारल्यांनीं वेठ न करण्याची शपथ घेतली. ज्याचा दिवसच दुसऱ्याचा, त्याला फूल निवडण्यास उसंत कोठली?

म्हणून मला वाटतें, १९३० सालीं जाळावयाचा होता तो व्यवहार, फूल नव्हे. फूल मुळांत आमच्याच रंगाऱ्यांचें होतें. आजीनें परकर देऊन व्यवहार जाळला आणि वीतभर फूल राखलें. पुढें देशी गिरण्यांच्या चिटावर तेंच ती आयुष्यभर शिवीत राहिली. त्या तुकड्याचा तांबडा रंग आतां विटकरी झाला आहे, टांके मात्र शाबूत आहेत. तिनें ओशाळण्याचें कांहीं कारण नव्हतें. तिच्या हयातींत हें तिला सांगावयाचें तेवढें राहून गेलें.