स्फटिकांची सावकाशी

ज्यांनी घरी खडीसाखर करून पाहिली असेल, त्या वाचकांस एक अनुभव परिचयाचा असेल. दाट पाकात दोरा सोडून भांडे निवांत जागी ठेवले, म्हणजे काही दिवसांनी दोऱ्याभोवती टपोरे, पैलूदार खडे जमतात. तोच पाक घाईने आटवून ढवळीत राहिले, तर हाती केवळ रवा येतो. साखर तीच, भेद काय तो काळाचा. प्रथिनांच्या स्फटिकांचा इतिहास हा ह्याच साध्या नियमाचा इतिहास होय.

मात्र साखरेचा रेणू लहान व सोशिक; प्रथिनाचा रेणू सहस्रावधी अणूंचा आणि उष्णतेने सहज बिघडणारा. शिवाय स्फटिकाचे बीज पडावयास द्रावण जितके अतिसंपृक्त असावे लागते, तितके ते पुढील वाढीस लागत नाही. मर्यादा ओलांडली, की असंख्य बीजे एकदम पडून निरुपयोगी चूर्ण अथवा गाळ तळाशी बसतो. ती गाठलीच नाही, तर महिनोन्‌महिने द्रावण निर्मळच राहते. संशोधकाची सारी कसोटी ह्या दोहोंमधील अरुंद वाटेवर लागते.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेम्स सम्नर ह्यांनी १९१७ साली ह्या वाटेवर पाऊल टाकले. हा गृहस्थ मूळचा डावखुरा. सतराव्या वर्षी शिकारीतील अपघातात त्याचा डावाच हात गेला होता. अबईच्या कुळातील एका शेंगेच्या दाण्यांतून यूरिएज नावाचे विकर शुद्ध स्वरूपात काढावयाचे, हा त्याचा संकल्प. प्रयोगशाळेत शीतपेटीही नव्हती. तेव्हा काढ्याची भांडी खिडकीच्या कठड्यावर ठेवून तो थंडी पडण्याची वाट पाही. नऊ वर्षे अशी गेल्यावर १९२६ साली त्याने मद्यार्काऐवजी सौम्य ॲसिटोन वापरले, मिश्रण रात्रभर गळत ठेवले, आणि सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली चिमुकले स्फटिक दिसले! विकर हे प्रथिनच असते, हा त्याचा निष्कर्ष जर्मनीतील विलश्टेटर ह्यांच्यासारख्या नोबेल-विजेत्यास मान्य होईना. पुढे नॉर्थ्रॉप ह्यांनी १९३० साली पेप्सिनचे स्फटिक मिळविल्यावर सम्नरची बाजू बळावली. १९४६ साली दोघांनाही नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

सम्नरने वाट पाहिली ती निश्चयाने. स्वीडनमधील उप्साला येथे तोच लाभ योगायोगाने झाला. तेथे फिलपॉट नावाच्या तरुण संशोधकाने पेप्सिनचे द्रावण शीतपेटीत ठेवले आणि तो बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी निघून गेला. परतून पाहतो, तो सुमारे दोन मिलिमीटर लांबीचे देखणे स्फटिक तयार! ते केंब्रिजला बर्नाल ह्यांच्या हाती पडले. कोरड्या स्फटिकांतून क्ष-किरणांचे धड चित्र उमटत नाही, हे पाहून बर्नाल ह्यांनी १९३४ साली ते मूळच्या द्रवातच ओले ठेवून तपासले. आणि प्रथिनाच्या रेणूस नियमित घडण असते, ह्याची साक्ष पटली. ज्या पाण्यात स्फटिक हळूहळू वाढला, ते पाणीही त्याच्या देहाचाच भाग होते.

ह्या कामी त्यांच्या सहकारी असलेल्या डोरोथी क्रोफुट, म्हणजे पुढील डोरोथी हॉजकिन, ह्यांनी १९३५ साली इन्शुलिनच्या स्फटिकाचे क्ष-किरणचित्र प्रसिद्ध केले. त्या रेणूची संपूर्ण घडण उलगडली १९६९ साली. चौतीस वर्षे! ह्या अवधीत त्यांनी पेनिसिलिन व बी-१२ जीवनसत्त्व ह्यांची घडण उलगडली, १९६४ चे नोबेल पारितोषिक मिळविले, पण इन्शुलिन हातचे सोडले नाही.

आज यंत्रे एका दिवसात शेकडो मिश्रणांचे थेंब मांडतात, आणि गणकयंत्रे प्रथिनांच्या घडणीचे अंदाजही वर्तवितात. तरीही काचेखाली टांगलेला तो थेंब आपल्याच गतीने आटतो. कधी दोन दिवसांत फळतो, कधी दोन महिन्यांत, कधी मुळीच नाही. रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात पदार्थांची मापे दिलेली असतात. त्या यादीत काळाचे नाव सहसा नसते. पण सम्नरच्या खिडकीतील भांड्यांत तोही एक पदार्थ होता, आणि इतरांप्रमाणे तो विकत आणता येत नव्हता.