रुग्णालयाचा कारभारी

रुग्णालय म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें डॉक्टर उभा राहतो. फार तर परिचारिका. परंतु रोग्यांचें दूध वेळेवर आलें कीं नाहीं, औषधांची कोठी भरलेली आहे कीं नाहीं, मागच्या खेपेचे कागद सांपडतात कीं नाहीं, हें पाहणारा मनुष्य आपणांस सहसा दिसत नाहीं. त्याला हें काम कोणीं शिकवावें, आणि कोणत्या विद्यालयांत, हा प्रश्न अमेरिकेंत कसा पुढें आला त्याची हकीकत, श्रोतेहो, आज सांगावयाची आहे.

अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या शल्यवैद्यांच्या संस्थेनें १९१८ सालीं शंभर व त्याहून अधिक खाटांचीं ६९२ रुग्णालयें तपासलीं. अपेक्षा माफकच होत्या. प्रत्येक रोग्याची नीट नोंद असावी, प्रयोगशाळेची व क्ष-किरणांची सोय असावी, डॉक्टरांनीं ठराविक काळानें एकत्र बसून आपल्या कामाची छाननी करावी. या कसोटीस अवघीं ८९ रुग्णालयें उतरलीं! न उतरलेल्यांत कांहीं मोठीं नामांकित होतीं. तेव्हां १९१९ सालीं न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलांत ती यादी भट्टींत टाकून जाळण्यांत आली. आंकडा मात्र लपला नाहीं. यांतील पुष्कळशा उणिवा शस्त्राच्या नव्हत्या, कारभाराच्या होत्या.

आणि कारभार पाहत कोण? कोठें एखादे डॉक्टर, कोठें मुख्य परिचारिका, कोठें धर्मसंस्थेची भगिनी, तर कोठें हिशेबनीस. जो तो चुकतमाकत शिकला. चुकांची किंमत अर्थात् रोगी देत असे. मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठानें शिक्षणाचा एक प्रयत्न केला, पण तो लौकरच बंद पडला.

या कामीं खरी चिकाटी दाखविली ती मायकेल डेव्हिस यांनीं. हे गृहस्थ नाडी पाहणारे डॉक्टर नव्हते. समाजशास्त्राचे पंडित होते. बोस्टनचा एक जुना दवाखाना त्यांनीं कित्येक वर्षें चालविला होता. १९२९ सालीं त्यांनीं या विषयावर पुस्तक लिहिलें आणि त्याच्या नांवांतच रुग्णालयांना 'अब्ज डॉलरांचा धंदा' म्हटलें. हा शब्द आपल्या कानांस खुपतो, मलाही खुपला. सेवेच्या मंदिरांत वाण्याची चोपडी कशाला? पण रिकामी कोठी आणि हरवलेला कागद यांनींही माणूस दगावतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या चोपडीचा राग उरत नाहीं.

१९३४ सालीं शिकागो विद्यापीठांत पदवीधरांसाठीं हा अभ्यासक्रम सुरू झाला, तोही वैद्यकाच्या नव्हे, व्यापारशिक्षणाच्या शाळेंत. वर्गांतील पाठांना प्रत्यक्ष रुग्णालयांतील उमेदवारीची जोड होती. मौज अशी कीं थोड्याच वर्षांत त्याचीं सूत्रें आर्थर बाखमायर या डॉक्टरांकडे गेलीं.

पुढें १९४३ सालीं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानें तोच मार्ग धरला. केलॉग प्रतिष्ठानच्या पैशानें आणखी विद्यापीठें आलीं, आणि १९४६ च्या हिल-बर्टन कायद्यानें नवीं रुग्णालयें उभीं राहूं लागल्यावर शिकलेल्या कारभाऱ्यांची निकड वाढली. १९४८ सालीं या विद्यापीठांनीं आपला संघही स्थापिला.

आपल्याकडे हें शिक्षण मागाहून आलें. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें तें वैद्यकाच्या पदवीधरांपुरतें ठेवलें. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनें मात्र कोणत्याही शाखेच्या पदवीधराला आपलें दार उघडें केलें.