शब्दांध मुलांच्या बाई

7 नोव्हेंबर 1896च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. मुलगा चुणचुणीत. 749 गुणिले 867 हा गुणाकार त्यानं झटकन आणि बिनचूक केला. स्वतःचं नाव लिहिताना मात्र त्याच्या हातून अक्षरांची अदलाबदल झाली आणि दाखवून देईपर्यंत ती त्याच्या लक्षातही आली नाही. सगळं शिक्षण तोंडी असतं तर शाळेत याच्याइतका हुशार कुणी ठरला नसता, असं त्याला शिकवणाऱ्या मास्तरांचं मत होतं.

वाचन-लेखनातल्या या अडचणीचा, म्हणजे डिस्लेक्सियाचा, इतिहास बहुधा अशा डॉक्टरांच्या नावांनी सांगितला जातो. ग्लासगोचे नेत्रशल्यचिकित्सक जेम्स हिन्शेलवुड यांनी 1917मध्ये जन्मजात शब्दांधत्वावर (डिस्लेक्सियाला तेव्हा हेच नाव होतं) पुस्तक लिहिलं. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन यांनी 1925मध्ये आयोवातल्या शाळकरी मुलांवरचा निबंध प्रसिद्ध केला. मुलांना नेमकं काय होतंय, हे या मंडळींनी हेरलं, त्याचं मोल मोठं आहे. पण दुखणं ओळखल्यावर उद्या सकाळी वर्गात काय करायचं, याचं उत्तर प्रामुख्यानं शिक्षिकांनी शोधलं, आणि त्यांची नावं फारशी कुणाला माहीत नाहीत.

ॲना गिलिंगहॅम न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूलमध्ये काम करत. सहकारी बेसी स्टिलमन यांच्यासह त्यांनी ऑर्टन यांच्या निरीक्षणांना रोजच्या धड्याचं रूप दिलं. व्यंजनांची कार्डं पांढरी, स्वरांची फिकट गुलाबी-नारिंगी. बाई ‘बॅट’ म्हणतात. मूल तो शब्द पुन्हा उच्चारतं. मग बी, ए, टी असं एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत कागदावर उतरवतं आणि शेवटी आपणच लिहिलेला शब्द वाचतं. डोळा, कान, जीभ आणि हात एकाच वेळी कामाला लागतात. हे चालू असेपर्यंत मुलानं इतर कुठलंही वाचन स्वतःहून करायचं नाही, बाकीचे विषय त्याला वाचून दाखवायचे, असा गिलिंगहॅमबाईंचा दंडक होता. चित्र पाहून किंवा पहिल्या अक्षरावरून शब्दाचा अंदाज बांधायची सवय मोडायची, तर एवढं कडक राहणं भागच होतं.

डेन्मार्कच्या एडिथ नॉरी तर स्वतःच शब्दांध होत्या. नियोजित वराची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागू नयेत, या ओढीनं त्या तरुणपणी स्वतःच्या हिमतीवर वाचायला शिकल्या. 1930च्या दशकात त्यांनी कोपनहेगनमध्ये शब्दांधांसाठी संस्था काढली. त्यांच्या अक्षरपेटीत ए-बी-सी-डीचा क्रम नव्हता. ओठांनी, जिभेच्या टोकानं आणि घशाकडून निघणाऱ्या ध्वनींची अक्षरं वेगवेगळ्या खणांत होती. सोबत छोटा आरसा असे. मुलानं ध्वनी उच्चारायचा, आरशात तोंड पाहायचं आणि खण शोधायचा. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी वर्णमाला पाठ केलेल्या मराठी माणसाला ही पेटी परकी वाटायचं कारण नाही.

लंडनमध्येही 1962 साली अशा मुलांसाठी ‘वर्ड ब्लाइंड सेंटर’ सुरू झालं. पुढे संध्या नायडू यांनी त्याची धुरा सांभाळली आणि केंद्रात तपासलेल्या मुलांवर पुस्तक लिहिलं.

आपल्याकडे 1996 हे वर्ष महत्त्वाचं. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला महाराष्ट्र सरकारनं तेव्हा सुरुवात केली आणि त्याच वर्षी मुंबईत ‘महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन’ उभी राहिली. 2007च्या ‘तारे जमीन पर’मुळे हा विषय घरोघरी पोहोचला. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेची नोंद झाली. सवलतींमुळे जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. वाचन मात्र विशेष शिक्षिकेच्या तासालाच शिकावं लागतं.

आणि तिथे इंग्रजी कार्डं जशीच्या तशी चालत नाहीत. घ-ध आणि भ-म यांच्यातला गोंधळ तर आहेच, पण ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारताना क आधी. ‘सूर्य’ मधला र ऐकू येतो य च्या आधी, बसतो मात्र य च्या डोक्यावर. मराठी शिकवणाऱ्या बाईंना म्हणून वेलांटीचं कार्ड वेगळं कापावं लागतं. मूल आधी ‘क’ म्हणतं, मग ‘इ’, आणि त्यानंतरच ते कार्ड क च्या डावीकडे सरकवतं.